चिठ्ठीची गोळी आणि बिनचिठ्ठीची पुडी

येरमाळ्यात गुलबानोइतकी चौकस बाई शोधून सापडली नसती. एस.टी. थांबली की ती खिडकीतून कंडक्टरला विचारायची, "इंजनात पाणी कशाला वतता, त्याला तहान लागती का?" शाळामास्तर दिसले की त्यांना विचारायची, "नकाशात येरमाळा न्हाय, मंग आमी राहतो कुठं?" तिचा नवरा आयुब भुसार मालाचा व्यापारी. रस्त्यालगत दुकान आणि दुकानामागं घर. तो म्हणायचा, निकाहात काझीनं हिला एकच प्रश्न विचारला होता, त्याची परतफेड ही अजून करते आहे.

अशा बाईच्या हाती चौसष्ट सालच्या त्या हिवाळ्यात वजन उतरवायची एक नाही, दोन औषधं आली. एक डॉक्टरच्या चिठ्ठीचं आणि एक बिनचिठ्ठीचं. आता या दोहोंतलं खरं कुठलं, हे कळल्याशिवाय ती स्वस्थ बसेल असं ज्याला वाटत असेल त्यानं तिला पाहिलेलं नाही.

गुलबानो अंगानं भरलेली होती. तिचा संसार सुखाचा, हात सढळ, आणि दुकानातला गूळ घरापासून चार पावलांवर. तिची शेजारीण कडूबाई तिच्याहून थोडी थोरली आणि तितकीच भरलेली. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीवरून दिवसभर हाका जायच्या, निरोप जायचे, विरजण जायचं. कडूबाईचा नवरा हिंमतराव शेतकरी माणूस, बोलणं कमी आणि विडी जास्त. दोघी मिळून बोळातून निघाल्या की समोरून येणारा माणूस मुकाट्यानं ओट्यावर चढून उभा राहायचा.

पण गुलबानोला वजन उतरवायचं होतं ते गुडघ्यासाठी. कडूबाईचं तसं नव्हतं, तिला येडेश्वरीचा डोंगर चढायचा होता.

तिचा सिदू मुदतीच्या तापात हातचा जाता जाता वाचला, तेव्हा तिनं नवस बोलला होता. पोरगं उठून बसलं तर मी माझ्या पायानं डोंगर चढून येईन आणि देवीची ओटी भरीन. सिदू उठला, वाढला, कळंबच्या शाळेत गेला, बोर्डिंगात राहू लागला. नवस मात्र राहिलाच. पहिल्या वर्षी कडूबाई अर्ध्या वाटेवर बसली. दुसऱ्या वर्षी त्याच्या अलीकडंच बसली. गेल्या चैत्रात तर ती पायथ्यापासून जरा वर गेली आणि पायरीवर अशी धापा टाकत बसली की वर जाणाऱ्या बाया तिला वळसा घालून जाऊ लागल्या. कुणी म्हणालं, एवढं खायचंच कशाला. हिंमतराव म्हणाला, गड्यांकडून खुर्चीत बसवून वर नेतो. ती म्हणाली, "बोलले पायानं, अन् जाऊ खुर्चीत? देवीला काय फसवायचं हाय?" ती रडत खाली आली. तेव्हापासून कळंबहून सिदू खोकतोय असा निरोप आला तरी ती देव्हाऱ्यापुढं दिवा लावून बसायची. देवीनं दिलेलं देवी परत नेईल, हे भय तिच्या मनात घर करून होतं. तिनं ते फक्त गुलबानोला सांगितलं होतं.

"ही चरबी उतरली की म्या चढते बघ," ती म्हणायची. "येत्या चैत्राला चढायचंच."

बिनचिठ्ठीचं औषध तिनंच आणलं. एस.टी. स्टँडजवळ बब्रुवानचं दुकान होतं. कंगवे, काजळ, बांगड्या, डोकेदुखीच्या वड्या आणि आता ही नवी पुडी. पुडीवर दोन बाया छापल्या होत्या, एक धान्याच्या ढोलीएवढी आणि एक उसाच्या कांडीएवढी, आणि दोघींचं तोंड एकच. बब्रुवाननं पैसे घेतले, पुडी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. कडूबाईला त्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही.

गुलबानोच्या गोळ्या बार्शीच्या. गुडघे धरले म्हणून आयुब तिला एस.टी.नं बार्शीला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. परत आल्यावर तिनं भिंतीशी पाट ठेवून, त्यावर उभं राहून कडूबाईला सगळा तमाशा करून दाखवला.

"दुखतो गुडघा, अन् नळी लावली छातीला! किती येळ ऐकत बसला, जसा आत रेडिओच लागलाय. मंग पायाच्या घोट्यावर बोट दाबून बघितलं. मंग इचारतो, 'लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? आज हा, उद्या तो, असे?' म्या म्हनलं, न्हाय बा. 'उताणं झोपल्यावर जीव घाबरतो का? उशी उंच लागते का?' म्या म्हनलं, मला उशी लागतच न्हाय. 'दिवस गेलेत का?' आता सांग, ह्या सगळ्याचा गुडघ्याशी काय संबंध?"

"फी वसूल करायची आसंल," कडूबाई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

"आन् पुढचं ऐक की. औषधाच्या दुकानात गेलो. म्या म्हनलं, गोळ्या द्या. तो म्हनला, आधी चिठ्ठी. म्या म्हनलं, आवं, पैसे देतो की. तर म्हनला, नुसत्या पैशानं न्हाय मिळत, चिठ्ठीच लागती. मंग चिठ्ठी घेतली, वाचली, शिक्का मारला, तवा कुठं डबी हातात दिली."

कडूबाईचं हसणं थांबलं. "म्हंजी परमिटाचा माल हाय म्हन की," ती हळूच म्हणाली.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. त्या दिवसांत चांगली म्हणून जी वस्तू होती तिला परमिट लागायचं. साखर परमिटावर, सिमेंट परमिटावर, आणि त्याआधी निजामाच्या राज्यात तर जाडंभरडं कापडही. परमिट एकाच्या नावावर निघायचं, पण माल आला की तो साऱ्या गल्लीचा. कडूबाईच्या नणंदेच्या लग्नातली साखर भिंतीवरून गुलबानोकडं आली होती, आणि आयुबच्या नावच्या सिमेंटनं हिंमतरावाचा हौद बांधला होता. परमिट कुणाच्या नावचं हे कुणी विचारत नसे. ज्याला परमिट लागतं तो माल अस्सल, आणि परमिटाचा माल एकट्यानं खाणारा माणूस हलका, एवढं गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी त्या दिवशी गुलबानोनं गोळ्या वाटल्या नाहीत. तिच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं.

"आपन दोघी तोलात सारख्याच हाओत," ती म्हणाली. "तू पुडी घे, म्या गोळी घेते. बघू कुणाचं पारडं वर जातंय."

आयुबच्या दुकानात पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला होता. आढ्याला लोखंडी दांडी आणि साखळ्यांनी लटकलेली दोन फळ्यांची पारडी. दुपारी आयुब नमाजला गेला, हमाल भाकरी खायला गेले, तेव्हा दोघींनी दाराला आतून कडी घातली. गुलबानो एका पारड्यात बसली, कडूबाई दुसऱ्यात. काटा करकरला. दोघी साखळ्या घट्ट धरून, डोळे मिटून हसत होत्या. कडूबाईचं पारडं जरा खाली राहिलं. गुलबानोनं हात लांबवून गुळाची एक लहान ढेप आपल्या मांडीवर घेतली, तेव्हा दांडी आडवी झाली.

"ही ढेप ध्यानात ठेव," गुलबानो म्हणाली आणि तिनं ढेपेला बिब्ब्याची खूण केली. आयुबला ती ढेप विकायची नाही एवढंच सांगितलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. या घरात प्रश्न विचारायचं काम दुसऱ्याकडं होतं.

मग सुरू झाली परीक्षा. पुडीचा गुण दुसऱ्याच दिवशी दिसला. कडूबाईला परसाकडं जाऊन येऊन फुरसत मिळेना. गुलबानोनं पुडीतली चिमूट जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकली. "ही तर सोनामुखी! आमची नानी पोरांचं पोट साफ करायला द्यायची. चित्र मातर लई भारी छापलंय." गोळीचा गुण निराळा. गुलबानोची भूक कुठं गेली कळेना. भाकरी समोर आली तरी हात जाईना. तोंड कोरडं पडायचं, झोप उडाली, आणि बोलण्याला असा वेग आला की आयुब कानात घालायला कापूस शोधू लागला. तिनं घरातली सगळी भांडी घासून काढली आणि मग दुकानातली मापं घासायला घेतली.

तिला या सगळ्याची मौजच वाटत होती. एक औषध खाल्लेलं बाहेर काढतं, दुसरं खाऊच देत नाही. मग एकाला चिठ्ठी आणि दुसऱ्याला नाही, असं का? जे जोरदार त्याला चिठ्ठी? का जे महाग त्याला? ती विचार करकरून थकली, पण उत्तर सापडलं नाही.

इकडं माघ सरला. शिमगा झाला. डोंगरावरच्या देवळाला रंग लावायचं काम सुरू झालं आणि कडूबाईचा धीर सुटला.

"बानो, पुडीनं नुसती गळल्यावानी झालेय. चैत्र तोंडावर आला. तुझ्या गोळ्या दे की मला थोड्या."

"मंग परीक्षा मोडती की."

"परीक्षा महत्त्वाची का माझा सिदू?"

गुलबानोनं डबी उघडली. खरं सांगायचं तर देताना तिच्या मनात शंका आली नाही. उलट, आजवर मागावं लागलं याचीच तिला लाज वाटली. परमिटाचा माल तिनं एकटीनं खाल्ला होता. तिनं अर्ध्या गोळ्या ओंजळीत घेऊन भिंतीवरून दिल्या. कडूबाईनं पदरात घेतल्या. शिजलेलं अन्न या भिंतीवरून कधी गेलं नव्हतं. ईदेला शेवया नि खारका कोरड्याच जायच्या आणि कडूबाई त्या आपल्या चुलीवर शिजवायची. पण औषधाला शिवाशीव कसली.

पाडवा होऊन आठवडा गेला आणि दोघींनी पुन्हा दुकानाची कडी लावली. गुलबानो पारड्यात बसली. कडूबाई दुसऱ्यात बसली मात्र, ती जी वर गेली ती गुलबानोच्या डोक्याच्याही वर. गुलबानोनं ढेप आता कडूबाईच्या मांडीवर दिली असती, पण ढेपेनं भागेल असं काही दिसत नव्हतं.

"चढलीस गं, चढलीस! डोंगराच्या आधी काट्यावर चढलीस!" गुलबानो ओरडली.

कडूबाई हसली नाही. ती साखळी धरून बसली होती आणि तिचा खांदा श्वासागणिक वर-खाली होत होता. गुलबानो टुणकन उतरली तशी कडूबाईचं पारडं धाडकन खाली आलं. ती उतरली आणि दोन पावलं चालून जोंधळ्याच्या पोत्यावर बसली. ओठ जांभळट दिसत होते. नुसतं पारड्यातून उतरायचं काम, आणि बाईला डोंगर उतरल्यासारखी धाप.

गुलबानो तिच्याकडं बघत उभी राहिली. तिच्या मनात आजवर हजार प्रश्न आले होते, त्यांतले बहुतेक रिकामटेकडे. हा पहिला असा आला की तो विचारायचीच तिला भीती वाटली.

"कडू, हलकी झालीस. मंग धाप कशी वाढली?"

"काय म्हाईत. छातीत लई धडधडतंय दोन-चार दिसांपासनं. चढायला लागले की जाईल."

चरबीनं धाप लागत असती तर चरबी गेल्यावर ती जायला हवी होती. मग ती चरबीची नाहीच. मग कशाची? गुलबानोला एकदम बार्शीची ती खोली आठवली, ती नळी, ते घोट्यावरचं बोट. ज्या प्रश्नांची नक्कल करून ती हसली होती ते एकेक करून तिच्या तोंडात आले.

ती खाली बसली आणि तिनं कडूबाईच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"रातच्याला उताणी झोपतीस का?"

"जीव घाबरतो. भिताडाला टेकून बसते."

"कधीपासनं?"

"दोन वर्सं झाली आसतील. त्यात काय?"

"ल्हानपनी ताप येऊन सांधे सुजले व्हते का? आज ह्यो, उद्या त्यो?"

कडूबाईनं मान वर केली. "तुला कुनी सांगितलं? म्या दहा-अकरा वर्सांची आसंन. आईनं शेकूशेकू बरी केली. समदे म्हनले, वारं गेलं अंगावरनं."

गुलबानोनं कडूबाईचा पदर सारला आणि तिच्या छातीला कान लावला. आत काहीतरी धावत होतं. धावता धावता अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा दोन पावलं एकदम टाकत होतं. गुलबानोचं स्वतःचं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की कुठलं कुणाचं हे कळायलाच तिला वेळ लागला.

"कडी काढ," ती स्वतःलाच म्हणाली आणि उठून दार उघडून रस्त्यावर जाऊन "आवं, ऐकलं का" म्हणून तिनं नमाजहून येणाऱ्या आयुबला अशी हाक मारली की स्टँडवरची माणसंही वळली.

हिंमतरावाला शेतातून बोलावून घेतलं आणि दुपारच्या एस.टी.नं चौघं बार्शीला गेली. नळीच्या गोष्टीला हसलेली कडूबाई आता त्याच नळीसमोर बसली. डॉक्टरांनी नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "काय काय घेतलं?"

गुलबानोनं डबी आणि पुडी दोन्ही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पुडीचा वास घेऊन ती बाजूला केली. डबीकडं बघून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"ही मी तुम्हांला दिली होती. यांना कुणी दिली?"

"म्या," गुलबानो म्हणाली. "परमिटाचा माल... आमच्याकडं वाटून घेत्यात, साहेब."

डॉक्टर रागावणार होते. पण तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी राग गिळला असावा. ते खुर्ची पुढं ओढून बसले. "हे बघा बाई. पुडीनं पोट रिकामं होतं, अंगातलं पाणी जातं, काटा फसतो. चार दिवसांत पाणी परत येतं. तरी यांच्यासारख्या बाईला तेवढं पाणी जाणंही वाईटच. गोळीनं भूक मरते हे खरं, पण ती काळजाला चाबूक मारते. धडधाकट बैलाला चाबूक चालतो. लंगड्या बैलाला मारला तर तो बसतो, कधी कधी उठत नाही. यांच्या काळजाची झडप त्या लहानपणच्या तापात बिघडलेली आहे. तुमचं काळीज मी आधी ऐकलं आणि मग गोळी लिहिली. चिठ्ठी गोळीची नसते, माणसाची असते."

गुलबानोला इतके दिवस जे सापडत नव्हतं ते उत्तर असं मिळालं. दुकानदारानं डबी अडवून धरली होती ती पैशासाठी नाही, मालाच्या भारीपणासाठीही नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी बसून एवढं सगळं विचारलंय का, एवढंच तो त्या कागदावर बघत होता. आणि बब्रुवाननं काहीच विचारलं नव्हतं. तीसुद्धा कडूबाईला काहीच न विचारता गोळ्या देऊन मोकळी झाली होती. आख्ख्या गावाला प्रश्न विचारत हिंडणारी बाई, आणि विचारायचं तिथं मुकी राहिली. ती भिंतीकडं तोंड करून रडली.

"डोंगर?" कडूबाईनं विचारलं. तिला झडप-बिडप काही नको होतं.

"या जन्मी नाही," डॉक्टर म्हणाले. "सपाटीवर, सावकाश, थोडं. मीठ कमी. आणि या गोळ्या मी तुमच्या नावानं लिहितो आहे."

चार दिवस ठेवून घेतल्यावर कडूबाई घरी आली. धाप ओसरली होती, पायाची सूज उतरली होती, पण तिनं डोंगराकडच्या बाजूला पाठ करून बसायला सुरुवात केली. सिदूला बघायला बोलावलं तर ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहायची, जवळून उठूच द्यायची नाही. हिंमतराव विड्यांवर विड्या ओढत ओट्यावर बसायचा. चैत्री पौर्णिमा तीन दिवसांवर आली. बैलगाड्या भरभरून माणसं येऊ लागली, रानात राहुट्या पडल्या, हलगी वाजू लागली.

गुलबानो भिंतीवरून न बोलता सरळ दारातून आत आली आणि तिच्याजवळ बसली.

"येक इचारू का?"

"तुला कोन अडवतंय?"

"तुमची देवी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिशी खाली का येती?"

कडूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू हिनं सूर्य कशाला उगवतो असं विचारलंय. "चुना वेचायला येती. रानात समदे चुनखडीचे खडे वेचत्यात. मंग आमराईत पाच दिस राहती. दरसाल येती."

"ते दिसतंय मलाबी, दरसाल बघते. पर तिला चुना कशाला लागतोय? माणसं वर नेऊन देतील की. ती सोता का येती?"

कडूबाई पदराचं टोक चाळवू लागली.

"म्या आपलं इचारलं," गुलबानो म्हणाली. "वर येता येत न्हाय अशी किती आसतील. म्हातारी, पांगळी, पोटुशी. त्यांच्यात बसायला येत आसंल का?"

कडूबाई उठली, हळूहळू दारापर्यंत गेली आणि किती तरी दिवसांनी डोंगराकडं तोंड करून उभी राहिली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगर उतरून आली. कडूबाई घरून पायीच निघाली. थोडं चालायची, थांबायची, झाडाला धरायची. हिंमतरावानं हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. गुलबानो मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. रानात कडूबाई वाकली आणि तिनं चुन्याचे पाच खडे वेचले. आमराईत पालखी टेकली तेव्हा गर्दी इतकी की वाट मिळेना, पण बायांनी तिच्याकडं पाहिलं आणि वाट दिली. गेल्या वर्षी वळसा घालून गेलेल्यांतल्याच काही त्यांत होत्या.

तिनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग पालखीच्या दांडीला कपाळ टेकवून ती मोठ्यानं बोलली, मागं उभ्या असलेल्या गुलबानोलाही ऐकू आलं.

"म्या वर येनार व्हते, आई. न्हाय जमलं, अन् आता जमनारबी न्हाय. तूच खाली आलीस. माझं पोरगं तुझं हाय, तू बघ."

ती परत आंब्याच्या सावलीत आली आणि मुळाशी बसली. डोळे वाहत होते, पण तोंडावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं काहीतरी होतं. गुलबानोनं तिला पाणी दिलं. मग, एवढ्या गर्दीत, चार गावच्या बायांदेखत, तिनं खाली वाकून कडूबाईच्या छातीला कान लावला.

"काय म्हनतंय?" कडूबाईनं विचारलं.

गुलबानोनं डोळे मिटून कान आणखी दाबला.

"लंगडतंय," ती म्हणाली. "पर चालतंय."